ओहोटीला पडलेली भिंत

कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे अलीकडे रेवदंडा आणि पलीकडे डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला. अलीकडच्या काठाला नारळी-पोफळीच्या वाड्या खाडीपर्यंत उतरत येतात. त्यातल्या एका वाडीचं परसू थेट पाण्यावर संपतं आणि ते संपतं तिथे एक दगडी भिंत उभी आहे. गोष्ट त्या भिंतीची. माणसं तिच्यामागून येतात.

भिंत काळ्या दगडाची. ऐंशी-नव्वद हात लांब, दीड पुरुष उंच आणि खाडीकडून पाहिली तर किंचित मागे, जमिनीकडे रेललेली. दगड एकमेकांत अडकवून रचलेले, सांध्यांत चिपा ठोकलेल्या, चुन्याचा पत्ता नाही. एका टोकाला पायऱ्यांचा लहानसा धक्का. एके काळी त्याला पडाव लागत आणि वाडीतली सुपारी मुंबईला जाई. पायथ्यापासून हातभर वर, एका रांगेत, २१ भोकं. घरातले वडीलधारे, तात्या, त्यांना नाकपुड्या म्हणत.

तात्यांनी आयुष्यात दोनच गोष्टी नेमाने केल्या असं त्यांची बायको म्हणे: संध्या आणि भिंत. मृग लागायच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, ते अमावास्येच्या ओहोटीला अनवाणी चिखलात उतरत. हातात लहान हातोडी. दगडादगडावर ठोकायचं आणि कान लावायचा. घट्ट बसलेला दगड टणक बोलतो, सुटलेला दगड पोकळ आवाज देतो. सुटलेल्याभोवती चीप मारायची, पायथ्याचा एखादा दगड लाटेने सरकवला असेल तर पहारीने परत जागेवर लोटायचा, सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर दोन पानांचं असतानाच मुळासकट उपटायचं. रेवदंड्याच्या पडक्या तटाकडे बोट दाखवून ते म्हणत, "तोफांना दाद न देणारा तट असल्या रोपांनी उकलला." हे सगळं झालं की ओळंबा सोडून भिंतीचा कल मोजायचा आणि लाल कापडात बांधलेल्या वहीत तारीख घालून लिहायचं. वहीतली बरीचशी वाक्यं एकाच शब्दाची: "ठीक."

वेळ बघायला त्यांना घड्याळ लागत नसे, तिथी पुरे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, भरतीचा तास निघतो. पंधराव्या तिथीला, म्हणजे पुनवेला आणि अवसेला, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. दुपारीही तेवढेच, रात्रीही तेवढेच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. शहरातल्या माणसाला हा हिशेब गमतीचा वाटतो, पण खाडीकाठच्या माणसाची सगळी कामं यावर बांधलेली असतात. आणखी एक गोष्ट ते पोरांना सांगत: उधाणाच्या दिवसांत भरती जेवढी चढते, ओहोटीही तेवढीच खोल उतरते. लोक चढलेलं पाणी बघायला येतात. उतरलेलं कोणी बघत नाही.

नारळी पौर्णिमेला गाव एक नारळ दर्याला देतं. तात्यांच्या घरून दोन निघत. एक दुपारच्या भरतीला पाण्यात, दुसरा भिंतीच्या माथ्यावर फोडून खोबरं पोरांना. मग संध्याकाळी पाणी तळाला गेलं की सगळ्या पोरांना चिखलात उतरवायचं आणि एकेका नाकपुडीत हात घालायला लावायचा. कोपरापर्यंत. आतला गाळ, शेवाळ, कालवांची टरफलं, प्लास्टिकची पिशवी, काय असेल ते ओढून काढायचं. मोठ्यांचे हात जात नसत, म्हणून काम पोरांचं. प्रत्येकाची भोकं ठरलेली होती. एक ते दहा थोरल्याची, पुढची मामेभावंडांची आणि बहिणीची, शेवटची तीन धाकट्याची, कारण ती धक्क्याच्या पायरीवर उभं राहून हाताला येत.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकटा बाळ. पुढे त्याचे केस पांढरे झाले तरी घरात तो बाळच राहिला.

बाळ सात वर्षांचा असताना एकोणिसाव्या भोकात त्याच्या बोटाला चिंबोरीने धरलं. नांगी इतकी घट्ट बसली की तात्यांना ती मोडून काढावी लागली. बोट महिनाभर सुजून होतं. त्यानंतर त्याने त्या रांगेत हात घातला नाही. त्याची तिन्ही भोकं दादा साफ करू लागला आणि तात्यांनीही ते चालवून घेतलं. मला वाटतं, या गोष्टीत तात्यांची काही चूक असेल तर ती एवढीच.

एकदा ते दोघांना कुलाबा किल्ला दाखवायला घेऊन गेले. अलिबागच्या पुळणीवरून ओहोटीत चालत किल्ल्यात जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू करवलं, ते पुढे संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तटाचे प्रचंड दगड नुसते एकावर एक रचलेले आहेत, फटीत चुना भरलेला नाही. तात्यांनी विचारलं, "का बरं भरला नसेल?"

"पैसे संपले असतील," दादा म्हणाला.

तात्या काही बोलले नाहीत. पाणी परतायला लागेपर्यंत त्यांनी दोघांना तिथेच बसवून ठेवलं. पहिली लाट तटावर आली, फटीफटीतून आत शिरली, आतल्या आत मोडली आणि दगडांमधून गळत परत आली. दुसरी तशीच. आदळल्याचा आवाज नव्हता, नुसता सुस्कारा. "पाणी आत येऊ द्यायचं आणि जाऊ द्यायचं," एवढंच तात्या म्हणाले. दादाच्या मनात तो सुस्कारा राहिला. बाळच्या मनात राहिलं ते गुडघ्यापर्यंत चढलेल्या पाण्यातून तात्यांच्या खांद्यावर बसून परत येणं, आणि भीती.

तात्या गेले. बहिणीने हक्क सोडला. दोघा भावांत उभी वाटणी झाली. जुनं घर, वाडी आणि विहीर दादाकडे, खाडीकडचं परसू, धक्का आणि भिंत बाळकडे. वाटणीत भांडण नव्हतं. भांडण नंतर झालं आणि तेही एका नळावरून. बाळ मुंबईची नोकरी सोडून आला होता. परसात चार खोल्या बांधून पर्यटकांना राहायला द्यायच्या असं त्याने ठरवलं, त्यांना विहिरीचं पाणी हवं होतं. दादा म्हणाला, पोफळीला उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, पाहुण्यांच्या आंघोळीला कुठून देऊ. यावर बाळ एक वाक्य बोलला, त्यावर दादा एक वाक्य बोलला. दोन्ही वाक्यं मी इथे लिहीत नाही, तशी वाक्यं प्रत्येक घरात असतात. बाळने स्वतःची कूपनलिका खणली. मध्ये कुंपण आलं. दोन्ही घरच्या बायका कुंपणावरून वाटी देत-घेत राहिल्या, भाऊ बोलेनासे झाले.

खोल्या देखण्या झाल्या. पुढे खाडी, पलीकडे कोर्लई, संध्याकाळी पाण्यावर सूर्य. फक्त भिंत तेवढी बाळला टोचू लागली. नाकपुड्यांतून दिवसभर काहीतरी झिरपत असे. पावसाळ्यात तर मातीचं लालसर पाणी, त्याचे ओघळ दगडावर, ओघळांत शेवाळ. सांध्यांतून खेकडे बाहेर येत आणि पाहुण्यांची मुलं किंचाळत. बाळने एक ठेकेदार बोलावला. ठेकेदाराने भिंत पाहिली आणि म्हणाला, जुनी झाली, सगळीकडून पोकळ आहे, बंद करून टाकू. सगळ्या सांध्यांत सिमेंट भरलं. नाकपुड्यांत आधी विटांचे तुकडे कोंबले, मग वरून माल थापला. भिंतीवर सिमेंटची रेखीव कड निघाली. परसातली माती ठोकून त्यावर पेव्हर बसवले, फटी सिमेंटने बुजवल्या. नव्या पत्र्यांच्या पन्हळीचा पाइप सरळ भिंतीमागच्या भरावात सोडला. जुन्या दगडी धक्क्याला लागून सिमेंटचे चार खांब उभे करून वर फलाट घातला. वाळू खाडीतली, माल कालवायला पाणीही खाडीचं. खारं पाणी आत गेलं की सळई आतून गंजते, गंज मूळ लोखंडाहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो, हे ठेकेदाराला माहीत नव्हतं असं म्हणवत नाही.

भिंत पांढरीशुभ्र, सलग दिसू लागली. एकही थेंब बाहेर येईना. बाळला वाटलं, भिंत कोरडी झाली.

मग ३ जून २०२० आला. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढलं आणि एका दुपारीत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. दादाची निम्मी वाडी गेली. बाळच्या खोल्यांचे पत्रे उडाले. लाटा भिंतीच्या माथ्यावरून परसात आल्या. पण भिंत हलली नाही. वादळ ओसरल्यावर बाळ तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. त्या संध्याकाळी त्याची खात्री पटली की आपण केलं ते बरोबर केलं. त्याला तसं वाटणं साहजिकच होतं. समोरून येणारं पाणी कितीही जोराचं असलं तरी भिंतीला जमिनीवर रेटतं, मागे माती असते, ती तोलून धरते. त्या भिंतीला समुद्र कधीच भारी नव्हता.

पुढच्या तीन वर्षांत काही लहान गोष्टी घडल्या. परसातले दोन-तीन पेव्हर खचले. माणूस आला, त्याने वाळू घालून ते वर घेतले. पुढच्या पावसाळ्यात तेच पुन्हा खचले, शेजारचे दोन घेऊन. धक्क्याच्या खांबावर तांबूस रेघ उमटली, तिला रंग दिला. ओहोटीला भिंतीच्या पायाशी, चिखलातून, लाल पाण्याची बारीक धार निघू लागली. ती बाळला दिसली नाही, कारण ओहोटीला खाली उतरायचं त्याने केव्हाच सोडलं होतं. ती दादाला दिसली.

दादा रोज पहाटे वाडीच्या टोकाला येत असे. तिथून कुंपणापलीकडची भिंत बाजूने, कडेवरून, अगदी रेषेत दिसायची. पावसाळा संपता संपता त्याला रेष वाकडी दिसली. बरोबर मध्यावर भिंतीला पोट आलं होतं. तो अमावास्येच्या ओहोटीला चिखलात उतरला, ओळंबा सोडला, बोटांनी मोजलं. घरी जाऊन लाल कापडातली वही काढली आणि तात्यांच्या शेवटच्या "ठीक"खाली लिहिलं: "मध्यावर पोट. २ बोटं." सहा महिन्यांनी: "३ बोटं." पुढच्या मृगाच्या आधी: "५ बोटं. पायाशी माती वाहते." वही बांधून ठेवली.

वहिनीने विचारलं, "सांगितलंत का त्यांना?"

"त्याची भिंत आहे," दादा म्हणाला.

त्या वर्षी आषाढ अमावास्येला, दिव्यांच्या अवसेला, सकाळपासून पाऊस कोसळत होता. दोन्ही घरांत दिवे घासून पाटावर मांडले गेले. रात्री सव्वाअकराला उधाणाची भरती होती. बाळ जागा राहिला. बॅटरी घेऊन तीनदा परसात गेला. पाणी भिंतीच्या माथ्यापासून दोन वीत खाली होतं, लाटा फुटत होत्या, भिंत दगडासारखी उभी होती. एक वाजता पाणी उतरू लागलेलं त्याने पाहिलं आणि आता काळजी नाही म्हणून झोपायला गेला. मागच्या खोलीत पुण्याचं एक कुटुंब झोपलं होतं, दोन लहान मुलं होती.

पाऊस थांबला नव्हता. पत्र्यांवरचं सगळं पाणी पाइपातून भरावात उतरत होतं. वाडीकडून उतरणारं पाणी जमिनीखालून तिथेच येत होतं. शंभर वर्षं ते २१ भोकांतून आणि हजार फटींतून खाडीत जात आलं होतं, आता त्याला वाट नव्हती. जोवर खाडी भरलेली होती तोवर बाहेरचं पाणी भिंतीला बाहेरून टेकू देत होतं. ओहोटीने तो टेकू हळूहळू काढून घेतला. बाहेर चिखल उघडा पडला. आत पाणी तसंच, पुरुषभर उंच, मातीत मुरलेलं, आणि भिंतीला ढकलणारं.

पहाटे पाचच्या सुमाराला, खाडी अगदी शांत असताना, भिंत मध्यावर उघडली. आवाज मोठा झाला नाही. माती घसरल्याचा घसघस आवाज आणि मग दगड चिखलात पडल्याचे बोदे ठोके. तीस-पस्तीस हात लांबीचा तुकडा बाहेर झोपला. पेव्हरखाली माती केव्हाच वाहून गेली होती. ते वरच्या कवचासारखे क्षणभर अधांतरी राहिले आणि मग खाली गेले. बाळच्या बारशाला लावलेला माड मुळांसकट वळला आणि खाडीत आडवा झाला. खोलीचा उंबरठा काठापासून सात हातांवर राहिला. माणसं वाचली. पुण्याची ती बाई मुलांना पोटाशी धरून पावसात उभी होती आणि बाळ त्यांच्यापुढे हात जोडून काय बोलत होता ते त्यालाही कळत नव्हतं.

सहा तासांनी पुन्हा भरती येणार होती. दादा कुंपणाशी आला, त्याने पहार घालून कुंपणाचे दोन खांब उपटले आणि वाडीतल्या सगळ्या रिकाम्या गोण्या घेऊन आत शिरला. कोळीवाड्यातून माणसं आली. सिमेंटच्या, खताच्या, मिठाच्या गोण्यांत माती भरून त्या खिंडारात रचल्या. पुरल्या नाहीत. सव्वाअकराची भरती गोण्यांवरून आत आली, परसातून वाडीत शिरली आणि दादाच्या विहिरीत पडली.

संध्याकाळी वहिनीने त्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि काही न बोलता कळशी पालथी घातली.

पोफळीला खारं पाणी सोसत नाही, विहीर खारी झाली तर वाडीच राहत नाही. दादा आणि बाळ सलग नऊ दिवस पंप लावून विहीर उपसत होते. खारं पाणी जड असतं, तळाला बसतं, म्हणून पाइप तळापर्यंत सोडायचा, वरून पावसाचं गोडं पाणी भरू द्यायचं, पुन्हा तळ उपसायचा. या नऊ दिवसांत दोघे पाइप धर, बटण दाब, एवढंच बोलले. नवव्या रात्री ओटीवर बसले असताना दादाने ती वही आणून बाळच्या पुढ्यात ठेवली. तसं करायची त्याला काही गरज नव्हती. कोणाला कळलंही नसतं.

बाळने कंदिलाशी धरून वाचलं. दोन बोटं. तीन बोटं. पाच बोटं. पायाशी माती वाहते. तारखा पुन्हा पाहिल्या.

"तुला माहीत होतं."

"हो."

"खोलीत पोरं झोपली होती, दादा."

"हो."

बराच वेळ पंपाचा आवाज येत राहिला. मग दादा म्हणाला, "मोजताना दर वेळी वाटायचं, आज सांगावं. मग तुझं ते वाक्य आठवायचं. मग वाटायचं, पडू दे थोडी, म्हणजे कळेल याला. थोडी." त्याला पुढे बोलता येईना.

बाळने वही मिटली. "तात्या मला विचारायचे, एकोणीस साफ केलंस का," तो म्हणाला. "मी हो म्हणायचो. तू करायचास. शेवटी मीच बुजवलं."

गणपती झाले, दसरा झाला, पाऊस गेला. म्हाताऱ्या गवंड्याला बाळ स्वतः बोलवायला गेला. हा गवंडी तात्यांच्या वेळचा, दृष्टी कमी झालेली, पण हातोडी हातात घेतली की कान शाबूत. किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडची परवानगी लागते, तिचे कागद व्हायला दोन महिने गेले. तोवर म्हाताऱ्याने उरलेली भिंत ठोकून काढली आणि खडूने खुणा केल्या. धक्क्याच्या खांबावर ठोकल्यावर काँक्रीटचा ढलपा त्याच्या पायाशी पडला, आत सळई पापुद्र्यासारखी सुटत होती. "हे पाडा," तो म्हणाला. "खालचा जुना दगडी धक्का हाय तो तुमच्या नातवाला पुरेल."

काम अवसे-पुनवेच्या पहाटे चाले, पाणी सर्वांत खाली असे तेव्हा. प्रत्येक खेपेला चार तास मिळत, मग खाडी येऊन जागा परत घेई. चिखलातून जुने दगड शोधून काढले. त्यावरचं सिमेंट छिन्नीने उडवलं, यालाच सर्वांत जास्त दिवस लागले. पाया घट्ट जमिनीपर्यंत खोल नेला. पायथ्याशी बाहेरून भलेमोठे दगड रचले, लाट पायाखालची माती ओढून नेते ती त्यांनी अडवावी म्हणून. भिंतीच्या रुंदीत आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घातले. आणि भिंतीमागे लगेच माती टाकली नाही. आधी मोठे गोटे, मग लहान, मग खडी, मग जाड वाळू. पाणी यावं आणि माती राहावी, त्यासाठी ही उतरंड.

बाळने एका अभियंत्याकडून माहिती काढून वाळू आणि मातीच्या मध्ये घालायला जिओटेक्स्टाइल कापडाचा गुंडाळा आणला होता. गवंडी रागावेल असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याने कापड बोटांत चोळलं, मूठभर चिखल त्यावर ठेवून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी खालून स्वच्छ पडलं. "बरं हाय," तो म्हणाला. "आम्ही काथ्या टाकायचो. कुजायचा. हे घाला." मला हा म्हातारा त्या क्षणी फार मोठा वाटला. जुन्याचा अभिमान धरणारे पुष्कळ असतात, पाणी ओतून बघणारे थोडे.

पत्र्यांच्या पन्हळीचा पाइप वळवून बाळने एका टाकीत सोडला. ते पाणी आता दोन्ही घरं वापरतात. पेव्हर काढून तिथे गवत लावलं.

भोकांची वेळ आली तेव्हा मजुराने चार इंची पाइपाचे तुकडे कापून आणले. गवंड्याने ते बाजूला ठेवले आणि बाळच्या मुलीला हाक मारली. चिमी नऊ वर्षांची, सुट्टीला घरी, चिखलाने माखलेली. "ये गं पोरी. हात दाखव." त्याने तिची मूठ वळवली, दोन दगडांमध्ये धरली, वरचा दगड बेताने टेकवला आणि म्हणाला, "काढ." हात सुटला. "घाल परत." गेला. "हं. एवढं ठेवायचं. बाहेरच्या अंगाला उतार द्या."

"पाइप जास्त टिकाऊ नाही का?" बाळने विचारलं.

"टिकंल. पन तुंबला तर कळनार कोनाला?"

पुढच्या श्रावणात नारळी पौर्णिमेला दोन नारळ निघाले. दुपारच्या भरतीला एक खाडीत गेला. दुसरा भिंतीच्या माथ्यावर दादाने फोडला, जुनी काळपट भिंत आणि नवा उजळ तुकडा जिथे जुळतात तिथे. संध्याकाळी पाणी तळाला गेल्यावर सगळे खाली उतरले. दादाने वही बाळकडे दिली. "तू लिही. माझा चष्मा वर राहिला." चष्मा त्याच्या खिशात होता, वहिनीने पाहिलं.

चिमी रांगेने पुढे सरकत होती. गाळ काढून बाजूला टाकत होती, आणि प्रत्येक भोकानंतर आकडा ओरडत होती. अठरा झाले. एकोणिसाव्याशी ती थांबली.

"बाबा, आत काहीतरी हलतंय."

बाळ पायरीवरून खाली उतरला. त्याने वही काखेत धरली, बाही कोपरावर सारली आणि हात भोकाला लावून पाहिला. मनगटाशी अडकला. चिमी हसली. "तुमचा नाही जायचा." तिने काडी घेऊन आत हळूच ढोसलं. एक लहानशी चिंबोरी बाहेर आली, नांग्या वर करून क्षणभर सगळ्यांकडे पाहत राहिली आणि तिरकी पळत चिखलात शिरली. तिच्यामागून पाण्याची धार आली, आधी गढूळ, मग निवळ. चिमीने ओंजळ धरून चाखलं.

"गोडं आहे!"

दादाने हात पुढे केला, त्याच्याही हातावर तिने थोडं घातलं. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. वरून वहिनी हाका मारत होती, नारळीभात निवत चालला होता. बाळने वही गुडघ्यावर उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: "१९. वाहतं."

"वीस!" चिमी पुढे गेली होती.